कर्करोगाच्या निदानासाठी कमी विषारी क्वांटम डॉट: घडवण्याची आणि पारखण्याची रीत

क्वांटम डॉट म्हणजे काही नॅनोमीटर आकाराचा अर्धवाहक स्फटिक. त्याचा आकार बदलला की त्यातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो, आणि सेंद्रिय रंगद्रव्ये सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याखाली पाहता पाहता विरून जातात, तसा हा रंग विरत नाही. १९९८ मध्ये दोन स्वतंत्र संशोधकगटांनी पेशींवर क्वांटम डॉटची खूण उमटवून दाखवली. २००४ मध्ये उंदरांच्या शरीरातील प्रोस्टेट कर्करोगाच्या गाठी अशा कणांनी उजळवण्यात आल्या, आणि २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या कणांच्या शोधासाठी व निर्मितीसाठी मौंगी बावेंडी, लुई ब्रूस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना मिळाले. असे असूनही अर्धवाहक क्वांटम डॉट रुग्णांच्या नियमित तपासणीत आलेले नाहीत. त्याचे मोठे कारण विषारीपणा हे आहे, कारण सर्वाधिक अभ्यासलेल्या डॉटचा गाभा कॅडमियम या विषारी धातूच्या संयुगाचा असतो.

पुढील मजकूर रसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर आणि पीएच.डी. स्तरावरील विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: विषारीपणा ही कण तयार झाल्यावर शेवटच्या प्रकरणापुरती तपासण्याची बाब नाही. कणात घातलेला प्रत्येक धातू शरीरात कुठे जाईल, कोणत्या रूपात सुटेल आणि कधी बाहेर पडेल, याचा हिशेब संश्लेषणाच्या पहिल्या दिवसापासून मांडावा लागतो.

विष नेमके कुठून येते

कॅडमियम सेलेनाइडच्या डॉटचा अभ्यास या बाबतीत सर्वांत बोलका आहे. २००४ मध्ये यकृताच्या पेशींवर झालेल्या प्रयोगांत असे आढळले की कणांचा पृष्ठभाग हवेमुळे किंवा अतिनील किरणांमुळे ऑक्सिडीकृत झाला की त्यातून मुक्त कॅडमियम आयन सुटतात आणि पेशी मरतात. त्याच गाभ्यावर झिंक सल्फाइडचे कवच चढवले की ऑक्सिडीकरणाची ही वाट बरीचशी बंद होते, मात्र पूर्णपणे नाही. कॅडमियम हे मानवात कर्करोग निर्माण करणारे द्रव्य म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत पहिल्या गटात वर्गीकृत आहे, आणि मूत्रपिंडात साठलेल्या कॅडमियमचा अर्धा भाग बाहेर पडण्यास साधारण दहा ते तीस वर्षे लागतात. त्यामुळे थोडीशी मात्रा सुटली तरी हरकत नाही, असे येथे म्हणता येत नाही.

आयन गळणे हा विषारीपणाचा एकच उगम मात्र नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात कणांवरचे काही आवरणरेणू आणि संश्लेषणातून मागे राहिलेला ट्रायऑक्टिलफॉस्फिन ऑक्साइड हेच पेशींना घातक ठरल्याचे दिसले होते. धनभारित आवरणे पेशीपटलाला चिकटून ते फाडू शकतात. प्रकाश पडल्यावर कणांच्या पृष्ठभागावर क्रियाशील ऑक्सिजनरूपे तयार होतात. कण एकमेकांना चिकटून गुठळ्या झाल्यास त्या फुप्फुसांतील केशवाहिन्यांत अडकू शकतात. कॅडमियमयुक्त डॉटच्या विषारीपणावरील ३०७ शोधनिबंधांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही कवच, आवरणरेणू, व्यास, चाचणीची पद्धत आणि संपर्काचा काळ या सर्वांवर निष्कर्ष अवलंबून असल्याचे दिसून आले. म्हणून ‘आमचा डॉट कॅडमियममुक्त आहे’ या वाक्याने सुरक्षिततेची चर्चा सुरू होऊ शकते, संपू शकत नाही.

कमी विषारी असणे आणि शरीराबाहेर पूर्णपणे टाकले जाणे या दोन वेगळ्या कसोट्या आहेत, हेही मनाशी पक्के करावे. २०१२ मध्ये रीसस माकडांना फॉस्फोलिपिडच्या मायसेलमध्ये, म्हणजे स्निग्ध रेणूंच्या सूक्ष्म गोळ्यांत, गुंडाळलेले कॅडमियमयुक्त डॉट शिरेवाटे दिले गेले. नव्वद दिवसांच्या निरीक्षणात रक्ततपासण्या, वागणूक आणि ऊतींच्या चकत्या यांत लक्षणीय बिघाड आढळला नाही. परंतु दिलेल्या कॅडमियमचा बहुतांश भाग तेव्हाही यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंडातच होता. या अभ्यासाचा उल्लेख करताना पुष्कळदा पहिला निष्कर्ष तेवढा सांगितला जातो. माझ्या मते दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे.

आधी काम ठरवावे, मग धातू

‘कर्करोगासाठी क्वांटम डॉट’ हे उद्दिष्ट फार मोघम आहे. शिरेवाटे दिलेले नॅनोकण गाठीपर्यंत किती पोहोचतात याचा दहा वर्षांच्या शोधसाहित्यावरून घेतलेला आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिलेल्या मात्रेच्या केवळ ०.७ टक्के भाग गाठीत पोहोचल्याचे मध्यक मूल्य निघाले. उरलेला भाग इतर अवयवांत, मुख्यतः यकृत आणि प्लीहेत जातो किंवा बाहेर टाकला जातो. शिरेवाटे देण्याचा कण घडवणारा संशोधक प्रत्यक्षात यकृतासाठी कण घडवत असतो, आणि हे ध्यानात ठेवूनच त्याने धातूची निवड करावी.

सुरुवात करणाऱ्याने त्यापेक्षा सोपे आणि तरीही खऱ्या गरजेचे काम हाती घ्यावे. माझी पसंती सेंटिनल लसिकाग्रंथी शोधण्याच्या कामाला आहे. स्तनाच्या कर्करोगात गाठीतून निघणारा लसिकाप्रवाह ज्या ग्रंथीत सर्वप्रथम पोहोचतो, ती ग्रंथी शस्त्रक्रियेच्या वेळी शोधून काढून तपासली जाते. तिच्यात कर्करोगपेशी नसतील तर काखेतील इतर ग्रंथी वाचवता येतात आणि नंतर हात सुजण्याचा धोका कमी होतो. सध्या यासाठी निळा रंग, टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य किंवा इंडोसायनीन ग्रीन वापरतात. अशा कामात लागणारी मात्रा अल्प असते, ती गाठीच्या आसपास टोचली जाते, आणि टोचलेल्या भागातील बरीचशी ऊती व ती ग्रंथी शस्त्रक्रियेत काढलीच जाते. म्हणजे दिलेल्या धातूतला बराच वाटा शरीराबाहेर येण्याची सोय कामाच्या स्वरूपातच आहे.

काम ठरले की आकार ठरतो. साडेपाच नॅनोमीटरपेक्षा कमी जलगतिकीय व्यासाचे कण मूत्रावाटे झपाट्याने बाहेर पडतात, असे २००७ मध्ये उंदीरवर्गीय प्राण्यांवरील प्रयोगांत दाखवण्यात आले. लसिकाग्रंथीसाठी मात्र इतका लहान कण उपयोगी नाही, कारण तो पहिल्या ग्रंथीत न थांबता पुढच्या ग्रंथींत निसटतो. फार मोठा कण टोचल्या जागीच बसून राहतो. २००४ मध्ये डुकरांमध्ये सेंटिनल ग्रंथी दाखवणारे डॉट पंधरा ते वीस नॅनोमीटरचे होते, आणि हा पल्ला आजही आरंभबिंदू म्हणून योग्य आहे. येथे व्यास म्हणजे स्फटिकाचा व्यास नव्हे, तर आवरण आणि त्याला धरून असलेल्या पाण्यासह मोजलेला व्यास, हे विसरू नये.

तरंगलांबीही याच टप्प्यावर ठरवावी. हिमोग्लोबिन दृश्य प्रकाश मोठ्या प्रमाणात शोषून घेते आणि ऊतींमध्ये हा प्रकाश विखुरतोही फार. त्यामुळे ७०० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, किंवा साधने उपलब्ध असल्यास १००० नॅनोमीटरच्या पुढे, उत्सर्जन असलेला डॉट हवा. हिरवा चमकणारा डॉट काचेच्या पट्टीवरील पेशींत सुंदर दिसतो, पण त्वचेखाली सेंटिमीटरभर खोल असलेल्या ग्रंथीसाठी तो निरुपयोगी आहे.

पदार्थाची निवड

इंडियम फॉस्फाइड तेजस्वी आहे आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यांत त्याने कॅडमियमची जागा घेतली आहे. पण श्वासावाटे गेलेल्या इंडियम फॉस्फाइडमुळे प्राण्यांत कर्करोग झाल्याच्या पुराव्यावरून ते त्याच यादीत बहुधा कर्करोगकारक अशा २-अ गटात ठेवलेले आहे. त्याची कोरडी भुकटी हाताळणे टाळावे. सिल्व्हर सल्फाइडची पाण्यातील विद्राव्यता इतकी अत्यल्प आहे की त्यातून चांदीचे आयन फार कमी सुटतात, शिवाय त्याचे उत्सर्जन १००० नॅनोमीटरच्या पुढे जाते. अडचण एवढीच की ते टिपण्यासाठी इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा महागडा कॅमेरा लागतो. कार्बन डॉटमध्ये जड धातू नसतो, त्यांच्याविषयी पुढे शुद्धीकरणाच्या संदर्भात लिहिले आहे.

या मार्गदर्शिकेसाठी मी कॉपर इंडियम सल्फाइडचा गाभा आणि झिंक सल्फाइडचे कवच ही जोडी निवडली आहे. २०१० मध्ये उंदरांच्या लसिकाग्रंथी दाखवण्यासाठी या जोडीचा वापर झाला, आणि त्यात कॅडमियमयुक्त डॉटच्या तुलनेत ग्रंथीतील दाह सुरू होण्यास बरीच अधिक मात्रा लागल्याचे आढळले. या डॉटचा उत्सर्जनपट्टा शंभर नॅनोमीटर किंवा त्याहून रुंद असतो. एकाच वेळी पाच रंग वेगळे ओळखायचे असतील तर तो दोष ठरेल, परंतु एक ग्रंथी शोधण्यात त्याने काही अडत नाही. उलट त्याची प्रदीप्ती शेकडो नॅनोसेकंद टिकते, तर ऊतींची स्वतःची प्रदीप्ती काही नॅनोसेकंदांत संपते. स्पंदित प्रकाश टाकून कॅमेरा किंचित उशिरा उघडला की पार्श्वभूमी काळी होते आणि डॉट तेवढे उरतात.

या निवडीची दुसरी बाजूही आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कवच नसलेले कॉपर इंडियम सल्फाइडचे कण जलद विघटित होऊन पेशींत आणि उंदरांत विषारी ठरले. म्हणजे विषारी धातू काढून टाकला तरी कवचाची गरज संपत नाही.

गाभा आणि कवच

शिकण्यासाठी पाण्यातील पद्धत उत्तम, कारण तिला निर्वात मांडणी आणि उच्च तापमान लागत नाही. कॉपर क्लोराइड आणि इंडियम क्लोराइड आयनमुक्त पाण्यात घ्यावे. तांबे आणि इंडियम यांचे प्रमाण १:४ पासून सुरू करावे. त्यात सोडियम सायट्रेट आणि ग्लुटाथायोन घालावे. दोन्ही घालण्यामागे कारण आहे: ग्लुटाथायोनमधील गंधक तांब्याला घट्ट धरते, सायट्रेट इंडियमला धरते, आणि दोन्ही धातूंची गंधकाशी अभिक्रिया होण्याची गती एकमेकींच्या जवळ येते. असे न केल्यास कॉपर सल्फाइड वेगळेच बनून काळपट गाळ बसतो. तांबे कमी ठेवल्याने प्रदीप्तीची कार्यक्षमता वाढते, आणि तेच प्रमाण विषारीपणाच्या दृष्टीनेही सोयीचे आहे, कारण मुक्त तांबे पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइडपासून अतिशय विध्वंसक मूलके तयार करते.

ढवळत असताना सोडियम सल्फाइडचे ताजे द्रावण एकदम ओतावे. द्रावण तत्क्षणी गडद तपकिरी होते. ते साधारण ९५ अंश सेल्सिअसवर अर्धा ते एक तास ठेवावे. या वेळी थोडे द्रावण काढून ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली धरले तर मंद तांबूस चमक दिसते. त्यानंतर झिंक अ‍ॅसिटेट आणि ग्लुटाथायोन यांचे द्रावण थोडे थोडे घालत तापमान कायम ठेवावे. चमक हळूहळू वाढत जाते आणि तिचा रंग लाल बाजूकडून नारिंगी बाजूकडे सरकतो, कारण जस्ताचे काही आयन गाभ्यात शिरून त्याची ऊर्जापोकळी रुंद करतात. सल्फाइडचे द्रावण आम्लाच्या जवळपासही नेऊ नये, कारण त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा प्राणघातक वायू सुटतो. सर्व काम वायुवीजन कपाटातच करावे.

येथे एक पेच आहे आणि तो टाळता येत नाही. जाड कवच कणाला अधिक सुरक्षित करते, परंतु उत्सर्जनाला ७०० नॅनोमीटरपासून दूर नेते. पातळ कवचाने रंग हवा तसा राहतो, पण गाभा उघडा पडण्याची भीती वाढते. प्राण्यांवरील टप्प्यासाठी म्हणून सेंद्रिय माध्यमातील पद्धत अधिक चांगली ठरते. तीत कॉपर आयोडाइड आणि इंडियम अ‍ॅसिटेट डोडेकेनथायोलमध्ये नायट्रोजनच्या आवरणाखाली २०० अंशांहून अधिक तापवतात. थायोल येथे द्रावक, आवरण आणि गंधकाचा स्रोत अशी तिन्ही कामे करतो. या पद्धतीने मोठे गाभे मिळतात आणि कवच चढवल्यावरही उत्सर्जन अवरक्तालगतच्या पट्ट्यात राखता येते. मात्र असे कण पाण्यात विरघळत नाहीत, आणि त्यांच्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉल जोडलेल्या फॉस्फोलिपिडचे किंवा बहुवारिकाचे आवरण चढवावे लागते.

आवरण निवडताना भार तटस्थ राहील असे पाहावे. भारित पृष्ठभागावर रक्तद्रवातील प्रथिने चिकटून कणाचा व्यास वाढतो, आणि यकृतातील भक्षकपेशी तो ताबडतोब उचलतात. पॉलिइथिलीन ग्लायकॉल किंवा दोन्ही भार समान असलेले रेणू हे टाळतात.

शुद्धीकरणात घाई नको

प्रसिद्ध होणाऱ्या कामात सर्वाधिक हेळसांड याच पायरीची होते, असे माझे ठाम मत आहे. पाण्यातील कण आयसोप्रोपेनॉल घालून साकळवावेत, अपकेंद्री यंत्रात खाली बसवावेत, पुन्हा पाण्यात विरघळवावेत, आणि हे चक्र किमान तीनदा करावे. मग दहा किलोडाल्टनच्या अपकेंद्री गाळणीतून धुवावेत. प्रत्येक धुण्याचे पाणी टाकून न देता बाटलीत ठेवावे आणि त्यातील तांबे, इंडियम व जस्त आयसीपी-एमएस या धातूंचे अत्यल्प प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर मोजावे. दोन सलग धुण्यांच्या पाण्यात धातूचे प्रमाण खाली येऊन स्थिरावले म्हणजे मुक्त आयन निघून गेले असे मानता येते. त्याआधी पेशींवर प्रयोग केल्यास मोजला जातो तो उरलेल्या क्षारांचा विषारीपणा, कणांचा नव्हे.

कार्बन डॉटच्या बाबतीत हीच पायरी निष्कर्ष उलटवू शकते. सायट्रिक आम्ल आणि इथिलीनडायअमाइन बंद पात्रात २०० अंशांवर तापवले की निळे चमकणारे द्रावण मिळते, आणि ही कृती इतकी सोपी आहे की अनेक महाविद्यालयांत ती प्रकल्प म्हणून दिली जाते. परंतु त्या निळ्या चमकेचा मोठा भाग कणांचा नसून अभिक्रियेत तयार झालेल्या एका लहान सेंद्रिय रेणूचा असतो, असे २०१५ मध्ये दाखवून देण्यात आले. म्हणून हे द्रावण डायलिसिसच्या, म्हणजे फक्त लहान रेणू बाहेर जाऊ देणाऱ्या, पिशवीत भरून पाण्यात ठेवावे आणि पिशवीबाहेरचे पाणी रोज अतिनील दिव्याखाली पाहावे. ते चमकत असेल तर शुद्धीकरण अपुरे आहे. अनेक दिवस पाणी बदलूनही पिशवीत जी चमक उरते, तीच कणांची मानावी.

मोजमाप

स्फटिकाचा आकार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने, रचना क्ष-किरण विवर्तनाने आणि जलगतिकीय व्यास प्रकाश-विकिरणाने मोजावा. दहा नॅनोमीटरखालच्या आणि स्वतः चमकणाऱ्या कणांसाठी शेवटची पद्धत फसवी ठरू शकते, म्हणून आकारानुसार वेगळे करणाऱ्या स्तंभावर तिची पडताळणी करावी. प्रदीप्तीची कार्यक्षमता इथेनॉलमधील ऱ्होडामिन ६जी या प्रमाण रंगद्रव्याशी तुलना करून काढावी. त्याचे प्रमाणमूल्य ०.९५ आहे, आणि दोन्ही द्रावणांचे शोषण ०.१ पेक्षा कमी ठेवावे. हे सर्व मोजमाप पाण्यात केल्यावर दहा टक्के रक्तद्रव असलेल्या माध्यमात पुन्हा करावे.

कण झिजतो कसा, हे पेशींआधी पाहावे

पेशीत शिरलेला कण बहुधा लायसोसोम या पेशीतील पचनपिशवीत पोहोचतो, आणि तेथील आम्लता सामू ४.५ ते ५ इतकी असते. त्यामुळे नळीतच पुढील माध्यमे तयार करावीत: सामू ७.४ चे द्रावण, सामू ४.५ चे द्रावण, पेशीत असते तितक्या म्हणजे एक ते दहा मिलिमोलर ग्लुटाथायोनचे द्रावण, थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड असलेले द्रावण, आणि रक्तद्रव. प्रत्येकात कणांची समान मात्रा घालून ३७ अंशांवर ठेवावे, आणि एक तास, सहा तास, एक दिवस, तीन दिवस व सात दिवस अशा अंतराने नमुना काढून तीन किलोडाल्टनच्या गाळणीतून गाळावा. गाळून खाली आलेल्या पाण्यात मिळालेला धातू म्हणजे कणातून सुटलेला आयन. हीच मालिका प्रकाशात आणि अंधारात अशी दोनदा करावी.

या चाचणीला फारसा खर्च येत नाही आणि ती पेशींचा, प्राण्यांचा व विद्यार्थ्याच्या वेळेचा अपव्यय वाचवते. आम्लधर्मी द्रावणात पहिल्याच दिवशी तांबे सुटू लागले तर पेशींकडे जाऊ नये. कवच दुरुस्त करावे.

पेशींवरील चाचण्या

पेशीमाला खात्रीच्या ठिकाणाहून घ्याव्यात. पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरातील प्रयोगशाळांना पेशीमाला पुरवते. शेजारच्या प्रयोगशाळेतून हातोहात आलेल्या पेशींची ओळख आणि मायकोप्लाझ्मा या जिवाणूंचा संसर्ग तपासल्याशिवाय त्या वापरू नयेत. केवळ कर्करोगपेशींवर चाचणी करणे अपुरे आहे. स्तन-कर्करोगाच्या एमसीएफ-७ पेशींबरोबर यकृताच्या हेप-जी२ पेशी, निरोगी तंतुपेशी आणि भक्षकपेशी अशा किमान चार प्रकारांवर काम करावे, कारण शरीरात कण सर्वाधिक खाणार आहेत त्या भक्षकपेशीच.

एमटीटी चाचणी सर्वत्र केली जाते. ९६ खाचांच्या तबकडीत प्रत्येक खाचेत पाच ते दहा हजार पेशी रुजवून, दुसऱ्या दिवशी वाढत्या प्रमाणात कण घालतात, आणि २४, ४८ व ७२ तासांनी पिवळे एमटीटी द्रव्य टाकतात. जिवंत पेशी त्याचे जांभळ्या फॉर्मझानमध्ये रूपांतर करतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशींवर जांभळ्या सुयांचे झुबके दिसतात. डायमिथिल सल्फॉक्साइडमध्ये ते विरघळवून ५७० नॅनोमीटरवर शोषण मोजतात. आता आपल्या कणांचा तपकिरी रंगही त्याच तरंगलांबीवर प्रकाश शोषतो. कण खाचेच्या तळाशी चिकटून राहिले तर यंत्राला पेशी प्रत्यक्षापेक्षा जास्त जिवंत वाटतात. शिवाय पृष्ठभागावरील थायोल गट पेशींच्या मदतीशिवायही एमटीटीला जांभळे करू शकतात. म्हणून पेशीविरहित खाचांत कण आणि एमटीटी, आणि पेशी असलेल्या खाचांत एमटीटीविना कण, अशा दोन नियंत्रक रांगा प्रत्येक तबकडीत असाव्यात.

याखेरीज आणखी तीन नियंत्रक ठेवावेत: कणात आहे तितकेच तांबे, इंडियम आणि जस्त क्षाररूपात, केवळ आवरणरेणू, आणि कण अपकेंद्रित करून घेतलेले वरचे पाणी. कण आणि वरचे पाणी सारखेच विषारी ठरले तर दोष कणाचा नसून त्यातून सुटलेल्या किंवा मागे राहिलेल्या पदार्थाचा आहे. या तुलनेने पुढच्या खेपेस काय बदलायचे ते नेमके कळते, आणि म्हणून तिला मी सर्वांत उपयुक्त चाचणी मानतो.

वैद्यकीय उपकरणांच्या आयएसओ १०९९३-५ या मानकानुसार पेशींची जीवनक्षमता ३० टक्क्यांहून अधिक घटल्यास पदार्थ पेशीविषारी समजला जातो. परंतु ९० टक्के पेशी जिवंत आहेत याचा अर्थ त्या निरोगी आहेत असा होत नाही. काही दिवसांनी पेशी वसाहती बनवू शकतात का ते पाहावे, डीएनएची तुटफूट धूमकेतू चाचणीने तपासावी, आणि रक्तपेशी फुटतात का हे मोजावे. मात्रा ‘मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर’ एवढीच न लिहिता, त्यात धातू किती आणि आवरण किती हे वेगळे नोंदवावे. अन्यथा दोन प्रयोगशाळांच्या निष्कर्षांची तुलनाच होत नाही. प्राण्यांकडे जाण्यापूर्वी जिवाणूंच्या एंडोटॉक्सिनची तपासणीही करावी, कारण त्याने होणारा दाह कणांच्या माथी मारला जातो.

उपचाराचा दावा करताना

निदानासाठी घडवलेला कण उपचारही करू शकतो. तो औषध वाहून नेऊ शकतो, प्रकाश शोषून उष्णता निर्माण करू शकतो, किंवा शोषलेली ऊर्जा प्रकाशसंवेदी रेणूला देऊन एकल ऑक्सिजन हे पेशी मारणारे क्रियाशील रूप तयार करू शकतो. येथे अभिप्रेत असलेला विषारीपणा केवळ गाठीत आणि केवळ प्रकाश पडल्यावर दिसला पाहिजे. म्हणून चार गट अनिवार्य आहेत: काहीही न दिलेल्या पेशी, केवळ प्रकाश, अंधारात केवळ कण, आणि कण व प्रकाश एकत्र. अंधारात पेशी मरत असतील तर तो उपचार नव्हे. लेसरची तीव्रताही प्रामाणिकपणे निवडावी. ८०८ नॅनोमीटरला त्वचेसाठी सुरक्षित मर्यादा सुमारे ०.३३ वॉट प्रति चौरस सेंटिमीटर आहे, तर पुष्कळ प्रयोगांत त्याच्या कित्येक पट तीव्रता वापरलेली दिसते.

२०१८ मध्ये वेल्समधील स्वान्सी विद्यापीठ आणि तमिळनाडूतील संशोधकांनी चहाच्या पानांच्या अर्काच्या साहाय्याने कॅडमियम सल्फाइडचे डॉट तयार केले, आणि ते फुप्फुस-कर्करोगाच्या ए५४९ पेशींची वाढ रोखतात असे दाखवले. वनस्पतीच्या अर्काने संश्लेषण स्वस्त आणि सौम्य होते, आवरणही बदलते, हे खरे आहे. पण गाभ्यातील कॅडमियम तेथेच राहते. तुळस, हळद किंवा कडुनिंब वापरून असे काम करू इच्छिणाऱ्यांनी निरोगी पेशींवरील परिणाम त्याच तक्त्यात शेजारी मांडावा. तसे न केल्यास कर्करोगपेशी मेल्याची आकडेवारी हीच विषारीपणाची आकडेवारी असू शकते.

गाठीला ओळखणारा रेणू, उदाहरणार्थ फॉलिक आम्ल, जोडल्यावर पेशींना आधी मुक्त फॉलिक आम्ल देऊन त्यांचे ग्राहक व्यापावेत आणि कणांचे शोषण खरोखर घटते का ते पाहावे. ते घटले नाही तर कण ओळखीने नव्हे, तर ओळखीशिवायच आत शिरत आहेत.

प्राणी आणि परवानगी

भारतात प्राण्यांवरील कोणत्याही प्रयोगासाठी संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची लेखी मान्यता लागते, आणि प्राणिगृह सीसीएसईए या केंद्रीय समितीकडे नोंदलेले असावे लागते. जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये नॅनो-औषधांच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. ती पेशींवरील काम सुरू करण्यापूर्वीच वाचावीत, कारण त्यांत अपेक्षित असलेली माहिती नंतर गोळा करणे अवघड जाते.

लसिकाग्रंथीच्या प्रयोगात उंदराच्या पंजात किंवा त्वचेखाली अल्प मात्रा टोचून ग्रंथी किती वेळात उजळते ते टिपावे. त्यानंतर पहिला, सातवा, तिसावा आणि नव्वदावा दिवस असे गट करून टोचलेली जागा, ग्रंथी, यकृत, प्लीहा, मूत्रपिंड, फुप्फुसे, रक्त, मूत्र आणि विष्ठा यांतील धातू मोजावेत. चमक नाहीशी झाली म्हणजे कण गेला असे मानू नये. कण विघटित झाला की चमक जाते आणि धातू मागे राहतो, त्यामुळे कॅमेऱ्याचे चित्र आणि आयसीपी-एमएसचे आकडे दोन्ही हवेत. तांबे आणि जस्त शरीरात मुळातच असतात, म्हणून कण न दिलेल्या प्राण्यांचे आकडे वजा करावे लागतात. इंडियम शरीरात जवळजवळ नसतेच, आणि त्यामुळे कणांचा माग काढण्यास तेच सर्वांत विश्वासार्ह आहे. सोबत यकृताची विकरे, क्रिएटिनीन, वजन आणि ऊतींच्या चकत्या पाहाव्यात. सर्व अवयव, मलमूत्र आणि टोचलेली जागा यांत सापडलेल्या इंडियमची बेरीज दिलेल्या मात्रेशी ताडून पाहावी. ती बरीच कमी भरत असेल तर कुठला तरी अवयव किंवा उत्सर्जनमार्ग मोजायचा राहिला आहे असे समजून तो शोधावा, आणि तोपर्यंत उत्सर्जनाविषयी विधान करू नये.